जीप भागीरथाची, पागोटं मनसारामचं

ठेकेदार गुणवंतरावांची ती भुंडी जीप, मागं दुहेरी चाकांची, वैनगंगेवरच्या शर्यतीत, पटात, पहिली आलेली, कोणी बनवली असं आमच्या सावली गावात विचाराल तर मनसाराम लोहाराचं नाव सांगतील. पानठेल्यावरचा सांगेल, शाळेतले गुरुजी सांगतील. आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, डोमाजीसुद्धा तेच सांगतील, आणि त्यांनी तर सगळं उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. साफ खोटं आहे ते. मनसारामनं त्या जीपचा एक खिळादेखील सरळ केलेला नाही. जीप केली त्याच्या वहिनीनं, भागीरथानं.

मी वच्छला. भागीरथाची भट्टी आणि आमचं घर यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती, तिलाही भोक पडलेलं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं, आणि माझ्या पोटात ही गोष्ट मावत नाही. माझी जीभ तिखट आहे असं घरचे म्हणतात. असू दे. गोड जिभेच्या लोकांनी काय केलं ते मी पाहिलं आहे.

भागीरथा सिंदेवाहीहून लग्न होऊन सावलीत आली ती खुशाल लोहाराची बायको म्हणून. उंच, काळी, रुंद खांद्यांची, आवाज असा की बैल बुजावा. लाजणं-मुरडणं तिच्या गावीच नव्हतं. आलेल्या गिऱ्हाइकाला, 'काऊन रे, कुऱ्हाडीनं गोटे फोडले का?' असं तोंडावर विचारायची. सासरच्या बायका नाकं मुरडायच्या. खुशाल मात्र खूश असायचा.

लोहाराच्या घरी बाई काय काम करते हे ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. लोहार ऐरणीपुढं बसतो. डाव्या हातातल्या सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, उजव्या हातातल्या लहान हातोडीनं कुठं मारायचं ते टिचकी मारून दाखवतो. घण मारते ती उभी असलेली बायको. दिवसभर, उन्हाळ्यातही, पोटुशी असली तरीही. दंडाला गोळे तिच्या येतात, आणि काम कोणाचं? तर लोहाराचं. सांडशी ज्याच्या हातात तो कारागीर, घण मारणारी त्याची मदत. बाईनं सांडशी धरली तर भट्टी बाटते असं त्यांच्या जातीतले म्हातारे म्हणायचे. भट्टी बाटते म्हणे! त्याच भट्टीतलं लोखंड बाईच्या घामानं भिजलेलं असतं, तेव्हा नाही बाटत.

खुशाल भला माणूस होता. दार लोटून घेऊन तो बायकोच्या हातात सांडशी द्यायचा आणि स्वतः घण उचलायचा. भिंतीच्या भोकातून मी पाहिलं आहे. घणाचा दणका पुरुषाचा आणि हातोडीची टिचकी बाईची, हे आवाजावरूनसुद्धा मला कळायचं. असं करत करत भागीरथा विळे, फाळ, कुऱ्हाडी, बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकाची लोखंडी धाव, सगळं शिकली. मग एका पावसाळ्यात खुशाल हिवतापानं गेला. मूलबाळ नव्हतं.

तेरावं झालं आणि जातीचे म्हातारे ओसरीवर बसले. खुशालची भट्टी त्याच्या धाकट्या भावाला, मनसारामला, असं ठरलं. भागीरथानं एकतर दिराच्या हाताखाली घण मारावा, नाहीतर सिंदेवाहीला भावाकडं जाऊन राहावं. तिला कोणी विचारलं नाही. ती आत चूल फुंकत होती आणि बाहेर तिची भट्टी वाटली जात होती.

हा मनसाराम लहानपणीच धंदा सोडून पळालेला. भट्टीची धग त्याला सोसायची नाही, डोळ्यांत पाणी यायचं. गोंडपिपरीच्या बाजारात पान-सुपारी विकायचा. अंगानं नीटनेटका, मिशी कोरलेली, बोलणं मिठास. आयत्या बिळावर नागोबा तसा येऊन बसला. लोक समोर असले की हा ऐरणीपुढं सांडशी धरून बसायचा आणि हळूच विचारायचा, "वहिनी, आता कुठी ठोकाचं?" ती उभ्यानं घणाच्या टोकानंच जागा दाखवायची. गिऱ्हाईक मनसारामला रामराम करून जायचं.

आता जीपचं सांगते. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या जीपा जंगलच्या ठेकेदारांनी घेतल्या. सागवानाची कटाई जिथं चालायची तिथं रस्ता कुठला? बंडीची चाकोरी आणि नाले. गुणवंतरावांकडं अशा दोन जीपा होत्या आणि दोन्ही त्यांच्या लाकडाच्या डेपोत मरून पडल्या होत्या. एकीचं इंजिन गेलेलं, दुसरीची कंबर मोडलेली. त्यांवर कोंबड्या बसायच्या. चांद्याकडच्या एका ठेकेदारानं चारचौघांत त्यांना टोमणा मारला की तुमच्या गाड्या अंडी घालायच्या कामाच्या, वैनगंगेची रेती काही त्या ओलांडायच्या नाहीत. गुणवंतरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शब्दानं शब्द वाढला आणि ठरलं की धानाची कापणी उरकली की जीपांचा पट लावायचा.

पट म्हणजे शंकरपट. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की बैलांच्या शर्यती लागतात, सारा मुलूख लोटतो. जिंकलेल्या जोडीच्या धन्याचं नाव होतं, ते ठीकच. पण आमच्याकडं आणखी एक रीत आहे. पटाचा हलका छकडा ज्या कारागिरानं केला त्याला धनी सगळ्यांसमोर पागोटं बांधतो. ते पागोटं नुसतं कापड नसतं. ज्याला पागोटं, त्या धन्याचं पुढचं सगळं काम त्याचंच, दुसऱ्या कोणाला ते द्यायचं नाही, असा कायदा. जीपांच्या पटालाही हाच कायदा लागू करायचा ठरलं. गुणवंतरावांच्या डेपोत तर नवी भट्टी बांधून तयार होती. बंड्यांच्या धावा, साखळ्या, कुऱ्हाडी, सगळं काम तिथंच व्हायचं होतं.

गुणवंतराव आपल्या लटारू ड्रायव्हरला घेऊन मनसारामकडं आले. मी भिंतीपाशी तांदूळ निवडत होते. मनसारामनं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"मालक, हे आपल्याच्यानं नाई होत. बंडीचं सांगा, जीपचं नोका सांगू."

"होते," मागून भागीरथा म्हणाली.

गुणवंतरावांनी मान वळवली. "काय होते बाई?"

"जीप होते. दोनची एक करा लागन. इंजिन लटारूभाऊ पाहून घेईन, बाकी मी पाहतो, म्हंजे... भट्टी पाहते."

लटारू हसला. तो भला होता. म्हणाला, "मालक, इंजिनाचं मायाकडं. पन खालचं लोखंड घडवनारा मानूस पाहिजे, अन् तो इथी हाय."

"मंग पागोट्याचा मान कोनाले जाईन?" भागीरथानं सरळ विचारलं. "डेपोतली भट्टी कोनाले?"

"जो जीप करन त्याले. पटाचा कायदाच हाय."

"मी केली तं?"

गुणवंतराव मोठ्यानं हसले. "तू करशीन तं तुले! काऊन नाई?"

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. लटारूनं ऐकले, मनसारामनं ऐकले. ते हसणं नंतर किती महागात पडणार होतं हे तेव्हा कळलं नाही. भागीरथाच्या डोळ्यांपुढं मात्र त्या दिवसापासून डेपोतली भट्टी उभी राहिली. तिथं दीर नसणार होता. तिथं ती स्वतः ऐरणीपुढं बसणार होती.

दोन्ही जीपा बैल लावून आमच्या अंगणापर्यंत ओढून आणल्या. कोंबड्या मागं मागं आल्या. कंबर मोडलेलीचं इंजिन काढून लटारूनं दुसरीत बसवलं. भागीरथानं पहिल्यांदा छिन्नी घेऊन जीपचं जे जे नुसतं शोभेचं होतं ते कापून टाकलं. दारं, मागची बाकडी, टप, सगळं. "पटाच्या बैलावर झूल घालते का कोनी?" ती म्हणाली. मागच्या दोन्ही चाकांना बाहेरून मोडक्या जीपचं एकेक चाक जोडलं, रेतीत रुंद पाय पाहिजे म्हणून, आणि ते बंडीच्या चाकासारखं खिळीनं अडकवलं. खिळ्या तिनं खुशालच्या जुन्या, झिजलेल्या घणाच्या लोखंडाच्या केल्या. पटाची सुरुवात चिखलाच्या बांधीतून, धानाच्या खाचरातून, होती, त्यासाठी चाकांना गुंडाळायच्या साखळ्या केल्या, एकेक कडी वळवून. चिखलात साखळी पकड घेते पण रेतीत तीच साखळी चाकाला खाली गाडते. म्हणून प्रत्येक साखळीचा सांधा एकाच खिळीवर ठेवला. खिळीवर एक दणका बसला की साखळी गळून पडली पाहिजे. हे कोणी शिकवलं तिला? कोणी नाही. चिखलातून आणि रेतीतून बंड्या काढणारी आम्ही माणसं आहोत, आम्हाला ते पायांनी कळतं.

लोक आले की मनसाराम सांडशी धरून बसायचा. तो बाजाराला गेला की आम्ही दार लोटायचो. मग भागीरथा ऐरणीपुढं बसायची, मी भाता ओढायची आणि घण मारायला सुकरी असायची. सुकरी नदीपलीकडच्या गोंडांच्या गावची, भट्टीसाठी कोळसा घेऊन यायची. तिच्या हातात घण म्हणजे खेळणं. आमच्या घरी यावरून रोज तंडण. "कुनब्याची बाई लोहाराचा भाता ओढून राह्यली, लोक काय म्हनतीन?" असं मालक म्हणायचे. लोक म्हणण्याशिवाय दुसरं करतात काय?

आता एक चूक झाली तीही सांगते, नाहीतर म्हणाल वच्छला एकतर्फी लिहिते. जीपखालचे हादरे झेलणारे कमानीचे पाटे मोडलेले होते, ते भागीरथानं नवीन घडवले आणि लाल असतानाच बुडवून त्यांना पाणी दिलं. पण दिलं कुऱ्हाडीचं पाणी. तिचा सगळा जन्म कुऱ्हाडी आणि विळे करण्यात गेला, तिथं लोखंड कडक झालं की काम झालं. लटारूनं जीप सुरू करून आमच्या बांधीच्या उंच धुऱ्यावरून, बांधावरून, उतरवली आणि काडकन पाटा मोडला. जीप कलली, लटारू तोंडघशी चिखलात. भागीरथानं मोडका तुकडा उचलला, मोडलेली बाजू पाहिली, आणि स्वतःलाच अशी शिवी हासडली की मी कानावर हात ठेवले.

"कुऱ्हाड वाकू नोये, वच्छला. पाट्यानं तं वाकलंच पाहिजे. इतकं कसं नाई समजलं मले?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. भागीरथाचा पाटा मोडला, भागीरथानं ड्रायव्हर मारला असता, बाईचं काम असंच. मनसाराम पानठेल्यावर उभा राहून सांगत होता, "मी म्हनतच होतो वहिनीले, नोको वो नादी लागू." पाहा बरं! मोडला तेव्हा तो पाटा कोणाचा हे सगळ्या गावाला बरोबर ठाऊक होतं. तेव्हा कोणी म्हणालं नाही की सांडशी तर मनसारामच्या हातात होती.

भागीरथानं पुन्हा भट्टी पेटवली. या वेळी पाटे पाण्यात नाही, मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलात विझवले, मग पुन्हा मंद निखाऱ्यावर धरले. तेलाच्या वासानं सगळा मोहल्ला खोकत होता. पाटा दोन दगडांवर ठेवून ती वर उभी राहिली, सुकरीलाही घेतलं. पाटा वाकला आणि दोघी उतरल्यावर सरळ झाला. लटारूनं जीप पुन्हा त्याच धुऱ्यावरून नेली, मुद्दाम जोरात. काही झालं नाही.

पटाच्या दिवशी वैनगंगेच्या काठाला जत्रा भरली. बंड्या सोडलेल्या, चहाचे ठेले, भजी, लाउडस्पीकर. काठावरच्या बांधीत बोडीचं, गावतळ्याचं, पाणी सोडून रोवणीला करतात तसा चिखल केला होता. जीपांनी तो ओलांडून दरडीवरून नदीच्या पात्रात उतरायचं, मग रेतीतून पाण्याच्या धारेपर्यंत, तिथं बांबूला झेंडा. झेंड्यापाशी जो पहिला तो जिंकला. तीन जीपा होत्या. चांद्याच्या ठेकेदाराची रंग दिलेली, आरशासारखी. दुसरी जंगलात शिकार करणाऱ्या शिकारवाल्यांची, नव्या टायरांची, हवा गच्च भरलेली. आणि आमची, भुंडी, काळी, बिनदाराची. लोक तिला पाहून हसले.

दरडीखाली उभं राहून साखळ्यांच्या खिळ्या पाडायचं काम मनसारामकडं होतं. तो एकदा रेतीत उतरला, नव्या वहाणांत रेती गेली, तसा वर मांडवात निघून गेला. भागीरथा हातोडा घेऊन तिथं जाऊन उभी राहिली, लुगडं खोचून. बाईमाणूस पटाच्या वाटेत उभी, म्हणून लोक ओरडायला लागले. ती हलली नाही.

बंदुकीचा बार झाला. चांद्याची जीप चिखलात अर्ध्यावर गेली आणि तिथंच चाकं फिरवत बसली. जितकी फिरवावी तितकी खाली. रंग दिसेनासा झाला. शिकारवाल्यांची घसरत, कलत कशीबशी पुढं निघाली. लटारूची मात्र चिखल चावत निघाली, साखळ्यांचा खळखळाट काठापर्यंत ऐकू येत होता. तरी शिकारवाला आधी दरडीवर पोचला, आधी रेतीत उतरला आणि थोड्याच अंतरावर त्याची गच्च फुगलेली चाकं रेतीत रुतायला लागली. लटारू दरडीखाली येऊन थांबला. तेवढ्यात शिकारवाल्यांची माणसं खाली उतरून आपली जीप ढकलायला लागली, ती हलली, पुढं सरकली.

भागीरथानं एका बाजूला दणका दिला, साखळी गळली. पलीकडं धावली, दुसरा दणका, तिकडची गळली. "हाक!" अशी ओरडली की मांडवापर्यंत ऐकू गेलं. दुहेरी चाकांची जीप रेतीवरून गेली ती दुसऱ्या जीपच्या अंगावर रेती उडवत, आणि लटारूनं झेंडा हातात घेतला. पाच गावच्या लोकांनी हे दिवसाढवळ्या पाहिलं. दणके कोणी मारले ते पाहिलं. आंधळा एकही नव्हता त्यात.

सगळे झेंड्यापाशी रेतीतच जमले. गुणवंतराव गुलाबी पागोटं हातावर घेऊन जीपपाशी आले, चेहरा फुललेला.

"जीप करनारा लोहार कुठी हाय? या पुढं!"

भागीरथा पुढं आली. हाताला चिखल, कपाळाला चिखल. तिनं पदर डोक्यावर सारखा केला. गुणवंतराव थांबले. हातातलं पागोटं तसंच. मग त्यांनी जातीच्या म्हाताऱ्यांकडं पाहिलं, आणि म्हातारे तयारच होते.

"बाईच्या डोक्शावर पागोटं? अन् तेबी नवरा नसलेल्या बाईच्या?"

"आपल्यात सांडशी कोन धरते? बाई धरते का?"

"भट्टी मनसारामची हाय. घडलं ते मनसारामचं."

लटारू म्हणाला, "मालक, तुमीच बोलले होते ना?" गुणवंतराव त्याच्याकडं न पाहता म्हणाले, "तवा मजाक होती रे." मजाक! एका बाईचं उभं आयुष्य त्या शब्दावर टांगलेलं होतं आणि ती मजाक होती. मनसारामला पाठीमागून कोणीतरी ढकललं. तो 'नाई, नाई' म्हणत पुढं आला, आणि नाही म्हणताना डोकं मात्र पागोट्यापुरतं खाली वाकवलं. गुणवंतरावांनी ते बांधलं. टाळ्या पडल्या. मग त्यांनी एक लुगडं मागवून भागीरथाच्या हातात ठेवलं. तोंड गोड होतं त्यांचं.

"घण तं हिनंच मारला, म्हना. तेवढी मदत झाली."

"हो, हो," मनसाराम म्हणाला, "घण वहिनीनंच मारला."

मी ओरडले. सगळ्यांसमोर ओरडले की हे खोटं आहे, जीप हिनं केली, तुम्ही शब्द दिला होता. आमच्या मालकांनी माझा हात धरून मला बायकांच्या घोळक्यात मागं ओढलं. "घरी चाल, मंग पाहतो तुले," म्हणाले. एकही बाई बोलली नाही. सुकरी तेवढी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

भागीरथानं लुगड्याची घडी जीपच्या तोंडावर ठेवून दिली. हातोडा उचलला. जीपच्या मागच्या चाकापाशी बसली आणि खिळीवर दणका दिला. बाहेरचं चाक रेतीत आडवं झालं. पलीकडं गेली, तिकडचंही पाडलं. लोकांना वाटलं असेल काही दुरुस्ती. मग ती जीपखाली सरकली आणि पाट्याच्या खिळ्या ठोकून काढल्या, आधी एका अंगाच्या, मग दुसऱ्या, आणि शेवटचा दणका मारता मारता बाजूला लोळली. जीप मागच्या अंगानं खाली आली आणि थकलेल्या बैलासारखी रेतीत बसली.

गुणवंतराव धावत आले. "बाई! काय करून राह्यली वो?"

"काई नाई मालक. घण मारून राह्यली. तेवढंच येते ना मले."

"जीप बसवली तुनं!"

"मंग उठवाले लोहार हाय ना तुमच्यापाशी. पागोटं बांधलेला."

सगळ्यांच्या माना मनसारामकडं वळल्या. तो जीपभोवती फिरला. वाकून खाली पाहिलं तर पागोटं घसरलं, ते एका हातानं धरून त्यानं दुसऱ्या हातानं चाक उचलून पाहिलं आणि परत खाली ठेवलं. "लटारूभाऊ, हे कुठी बसते?" असं त्यानं हळूच विचारलं, पण लाउडस्पीकर तेव्हा बंद होता आणि सगळ्यांना ऐकू आलं. लटारू म्हणाला, "मले काय मालूम? मी ड्रायव्हर. लोहार तू."

भागीरथानं आपल्या घरच्या लोखंडाच्या तेवढ्या खिळ्या रेतीतून वेचल्या आणि ओटीत घेतल्या. बाकी लोखंड ठेकेदाराचं होतं, त्याला हात लावला नाही.

"डेपोतली भट्टी गेली तुयी," गुणवंतराव दातओठ खात म्हणाले.

"ते तं पागोटं बांधलं तवाच गेली, मालक."

ती वळली आणि धार ओलांडून सुकरीबरोबर पलीकडं गेली. अंगावरचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. मागं पाहिलं नाही. जीप ओढायला आमचीच बैलजोडी मागितली गेली आणि आमच्या मालकांनी ती दिली.

तुम्हाला वाटेल आता लोकांचे डोळे उघडले असतील. कशाचे उघडतात! महिन्याभरात तेच लोक म्हणायला लागले की मनसारामची जीप जिंकली होती पण वहिनीनं रागानं मोडली. मनसाराम डेपोत गेला. काम जमत नाही म्हणून चांद्याहून एक मिस्त्री ठेवला, तो काम करतो आणि हा पागोटं घालून बाजूला बसतो. जातीनं भागीरथाला वाळीत टाकलं. सांडशी धरली म्हणून नव्हे, ते तर त्यांनी पाहिलंच नव्हतं म्हणे. दिराचा अपमान केला म्हणून. सिंदेवाहीच्या भावानं निरोप पाठवला की येऊ नको, पोरींची लग्नं व्हायची आहेत.

उन्हाळ्यात मी मोहफुलं आणायच्या निमित्तानं नदी ओलांडली. सुकरीच्या गावाबाहेर मोहाच्या सावलीत भागीरथानं भट्टी मांडली होती. बकऱ्याच्या कातड्याचा भाता, एक मोठा दगड ऐरणीसारखा रोवलेला. ती बसली होती, डाव्या हातात सांडशी. सुकरी घण घेऊन उभी. दार नव्हतंच तिथं लोटायला. मी जाऊन भात्यापाशी बसले. बोलण्यासारखं खूप होतं पण लोखंड लाल झालं होतं.

एवढ्यात एक म्हातारा खांद्यावर बोथट फाळ घेऊन आला. त्यानं भट्टी पाहिली, आम्हा तिघींना पाहिलं, इकडं तिकडं पाहिलं.

"लोहार कुठी गेला बाई?"

भागीरथानं हात पुढं केला, त्यानं फाळ दिला आणि झाडाच्या बुंध्याशी तंबाखू मळत बसला, लोहाराची वाट पाहत. त्याच्या डोळ्यांसमोर तिनं फाळ तापवला, सुकरीनं ठोकला, टोक काढलं, पाणी दिलं. तरी हा वाटेकडंच पाहतो आहे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ताडकन उठले.

"बाबा, डोळे हायेत का गोट्या? हे काय समोर बसली, हेच लोहार हाय!"

म्हातारा दचकला. त्यानं भागीरथाकडं पाहिलं, तिच्या हातातल्या सांडशीकडं पाहिलं, मग तिनं पुढं केलेल्या फाळाच्या टोकावरून अंगठा फिरवला. आणखी काही ऐकवावं म्हणून मी तोंड उघडलं.

"वच्छला," भागीरथा म्हणाली, "बोंबलू नोको वो. भाता ओढ. भट्टीतलं मघाचं लोखंड थंडं होऊन राह्यलं."

मी खाली बसले आणि भाता ओढायला लागले.